वेशीबाहेरची तीन डबकी

अमरावतीच्या परकोटाबाहेर, वेशीला लागून एक खड्डा होता. गावाचे सांडपाणी त्यात उतरे, मेलेली कुत्री त्यात पडत. अमेरिकेत लढाई जुंपली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि गाड्यांची रांग थेट तिथवर लागू लागली. मग सडकी सरकी आणि बैलांचे शेणही त्यातच.

हा खड्डा एका विधवा माळणीने हाती घेतला. पहिले वर्षभर तिने विकायला काहीच लावले नाही. एकाखाली एक अशी तीन डबकी खणली. पहिल्यात पाणकणीस लावले, दुसऱ्यात कर्दळ, तिसऱ्याच्या काठाने वाळा. घाण पाणी एकातून दुसऱ्यात सावकाश झिरपे. सरकी आणि शेण कुजवून तिने बांधांवर करंज जगवले.

"माय, गटारात अत्तर पिकवून राहिली काय?" गाडीवान हसत.

"नाई बाप्पा, तुह्यं तोंड धुवाले पाणी पिकवून राहिली."

तिसऱ्या वर्षी तिसऱ्या डबक्याचे पाणी इतके निवळले की तळ दिसू लागला. तेच गाडीवान तिथे बैलांना पाणी पाजू लागले. बाया करंजाखाली टेकू लागल्या. काठावर तिचा झेंडू फुलला.

मी तेव्हा शाळेत दुय्यम शिक्षक होतो. एकदा तिने मला थांबवले. "मास्तर, माह्यापाशी जाग्याचा कागद नाई. तहसिलीत एक अर्ज लिवून द्या, का हे या बाईनं केलं, तिले राखू द्या."

मी हो म्हणालो, पण अर्ज लिहिला नाही. सरकारच्या दारात एकीसाठी पदर पसरणे मला हलके वाटले. मी पत्रक लिहिले आणि शिळाप्रेसवर छापून गावभर वाटले. त्यात ठणकावले होते की ही जमीन कोणा एकाची नाही, ती साऱ्या गावाची आहे, आणि गावाने मनावर घेतले तर उकिरड्याचीही बाग होते. माणसापेक्षा तत्त्व मोठे, म्हणून तिचे नाव मुद्दाम गाळले. स्वतःवर फार खूश होतो.

पत्रक एका व्यापाऱ्याने वाचले. वेशीजवळ निर्मळ, सावलीची, बिनमालकीची जागा! त्याने ती मागायला अर्ज केला आणि तेच पत्रक त्याला जोडले. तहसीलदारांनी माळणीला विचारले, तुझा पुरावा काय? तिने डबक्यांकडे बोट दाखवले. जागा कापसाच्या गाड्या उभ्या करायला व्यापाऱ्याला मिळाली.

बुजवायला माणसे आली त्या सकाळी तिने मला शाळेतून बोलावून घेतले. मी क्षमा मागू लागलो.

"ते राहू द्या." तिने माझेच पत्रक पुढे केले. "कागद वाचा."

"माय, आता कशाला..."

"लय शिकले ना तुमी? वाचा. मले आयकू द्या, माहं नाव लिवाच्या आंदी शाई कुठी सरली ते."

गाडीवान, बाया, मजूर, सारे ऐकत होते. मी वाचले. पहिल्या डबक्यात मातीची पाटी पडली, पाणकणीस आडवे झाले. वाचून संपले.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचले. ती करंजाला टेकून बसली होती, डोळे कोरडे. आवाज उतरला की म्हणे, "मोठ्यानं, मास्तर." तिसरे डबके दुपारी बुजले. तोवर ते पत्रक कितीदा वाचले, मला आठवत नाही. शेवटी मुकादम तिला म्हणाला, ऊठ बाई, झाड तोडायचे आहे.

ती उठली. मी वाचतच होतो.