रुपीबाईची घंटा

आमच्या शाळेला घंटा नव्हती. कडुलिंबाला रेल्वेरुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि तो कोणी बडवायचा यावरून आम्हा पोरांत रोज मारामारी व्हायची. नातवंडांना सांगतो तर हसतात. पण खरंच सांगतो, जिंकायचे ते दोघंच, तांड्यातला प्रेमसिंग आणि गावातला गोविंदा. पुढे भरतीतही दोघं घेतले गेले. मीही गेलतो त्यांच्यासोबत यवतमाळला, पण माझी छाती काही केल्या फुगेना. मोजणारा हवालदार म्हणाला, "घर जाओ, रोटी खाओ." अजून खातोच आहे!

बासष्टच्या लढाईत गोविंदा गेला. त्याची पत्र्याची पेटी रुखमाबाईकडे, त्याच्या आईकडे परत आली. प्रेमसिंगचं मात्र काहीच आलं नाही. तारेत फक्त लापता असल्याचं लिहिलं होतं.

त्याची आई रुपीबाई. तिचे सासरे जुन्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले. रानात माणूस चुकला की सगळ्यांत पुढच्या बैलाच्या गळ्यातली घंटा काढून वाजवत राहायची, आणि घंटा वाजतेय तोवर त्याच्यासाठी कोणी रडायचं नाही, असा त्यांच्यातला दंडक. सासऱ्यांची ती पितळी घंटा रुपीबाईनं चिंचेनं घासली आणि आणून शाळेच्या कडुलिंबाला टांगली.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, इथं कशाला?"

"घरची वाट नाई सापडली गुरुजी, तरी शायेची सापडन त्याले. रोज येत होता न!"

मग ती रोज दुपारी वावरातून येऊन घंटा वाजवू लागली. पहिल्या दिवशी काय मजा झाली! शाळा सुटली समजून पहिलीची पोरं दप्तरं घेऊन पळाली. पुढे पोरं, मधे कुत्रं, मागे धोतर सावरत हेडमास्तर. माझं वावर शाळेला लागून, मी धुऱ्याच्या बांधावर बसून पोट धरून हसलो. रुपीबाई काही हसली नाही. ती रस्त्याकडे पाहत होती.

दोनेक वर्षांनी शाळेनं झेंड्यापाशी दगड उभारायचं ठरवलं. लढाईत गेलेल्या आपल्या दोन्ही विद्यार्थ्यांची नावं त्यावर कोरायची. जात्यांना टाकी लावणारा उकंडा बोलावला. गोविंदाचं नाव कोरून झालं. त्याच्याखाली त्यानं टाकी टेकवली, तशी रुपीबाई धावत आली आणि दगडावर आडवी पडली.

"माह्या पोराले मारून राह्यला का बे?"

उकंडानं टाकी मागं घेतली. "मले कायले बोलतं माय? मी तं जाते टाकवतो. गुरुजीनं सांगतलं."

"रुपीबाई, हा मान आहे त्याचा," हेडमास्तर म्हणाले.

"मान ठेवा तुमच्यापाशी! नाव कोरलं का तांड्याचा नायक माह्या सुनेची घुगरी उतरवायले लावन. मंग मी घंटा कोनासाठी वाजवू?"

घुगरी म्हणजे कानाजवळ केसांत लोंबणारी चांदी. तांड्यात नवरा जिता असेतोवरच बाई ती घालते.

सगळे रुखमाबाईकडे पाहू लागले. तिच्या पोराचा दगड अडला होता. ती हळूच रुपीबाईजवळ उकिडवी बसली.

"गुरुजी, गोविंदाच्या खालची जागा राहू द्या तशीच. एकाच तरटावर बसत होते दोघं. हा आला का बसन."

जागा कोरी राहिली.

पासष्टला पुन्हा लढाई लागली आणि रुपीबाईचं भानच गेलं. सकाळी घंटा, दुपारी घंटा. हात सोलले, जेवण सुटलं. इकडे माझ्या शेजारच्या वावरात सून जमनी कपाशी वेचत असायची. घंटा वाजली की ती उभी राहायची, रस्त्याकडे पाहायची, पुन्हा वाकायची. मी माझ्या धुऱ्यावरून पाहायचो. हसू कधीच आटलं होतं.

एके दुपारी जमनी वेचलेला कापूस तसाच टाकून शाळेत आली. ओढणीची किनार फाडून तिनं घंटेचा लोलक घट्ट बांधला. मग केसांतली घुगरी सोडून सासूच्या ओटीत ठेवली.

"याडी, माय, घंटा आयकू आली का मी उठतो, अन् रस्ता रिकामाच रायते. आता नाई होत. मले रडू दे."

रुपीबाईनं ती चिंधी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी आली आणि दोरी ओढत राहिली. घंटा हलत होती, आवाज नव्हता. वावरातून जमनीचं रडणं तेवढं शाळेपर्यंत ऐकू येत होतं.