म्हशीच्या दाव्याचं दुसरं टोक

कोल्हापुरात गरीब माणसाचा फोटो म्हणून कधी निघालाच नाही, आणि याला सर्वस्वी जबाबदार होते आमचे शाहूपुरीतले फोटोवाले चाचा. त्यांच्या स्टुडिओत एकच काळा कोट होता. हमाल येवो की भाजीवाला, तो कोट अंगावर चढल्याशिवाय चाचा कॅमेऱ्याच्या कापडात डोकं घालत नसत. किडमिड्या माणसाला तो पाठीमागून चिमटे लावून आवळला जाई, आणि पैलवान आला की मागची शिवण उसवली जाई. मनगटावर कायम दहा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ, खिशाला पेन, म्हणजे नुसतं टोपण. फोटो रंगवण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गारगोटीचा एक म्हातारा फोटो न काढताच वारला, तेव्हा चाचांनी त्याला कुठल्याशा लग्नाच्या फोटोच्या कोपऱ्यातून उचलला आणि ब्रशानं कोट घातला. घरच्यांनी म्हाताऱ्याला ओळखलं नाही, पण कोट बघून सगळे रडले. हा खोटेपणा नव्हे का, असं मी एकदा विचारलं. चाचा म्हणाले, "मास्तर, मानूस रोज कसा दिसतोय त्ये त्येच्या बायकूला ठावं हाय. फोटो मागनं येनाऱ्यांसाठी असतोय."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोन गोरे साहेब भारतावर माहितीपट आणि फोटो काढायला आले. शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून दुभाषा मी. आयुष्यात पहिल्यांदाच माझं इंग्रजी कुणाला तरी समजत होतं, त्यामुळे मी जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होतो. साहेबांना खरा भारत हवा होता, फक्त तो धुतलेला नको होता. साखर कारखान्याची चिमणी दिसली की ते कॅमेरा दुसरीकडं वळवत, सायकल दिसली की उसासा टाकत. मी त्यांना कसबा बावड्याला चाचांच्या दूधवाल्या आक्काताईंकडं नेलं. पण बातमी आधीच पोचली होती. आक्काताई हिरवं लुगडं, नाकात नथ घालून दारात उभ्या, त्यांचे मालक चाचांच्या कोटात घामाघूम, मनगट पुढं करून बसलेले, आणि शेजारी शिंगांना तेल लावलेली म्हैस. साहेबांचा चेहरा पडला. ही माणसं उपाशी दिसत नाहीत, असं ते मला म्हणाले. म्हैस तर मुळीच उपाशी दिसत नव्हती.

आजवर मी सांगत आलो की पुढचं सगळं साहेबांनी केलं. ते खरं नाही. साहेब नुसते हळहळले. उपाय मी सुचवला. शेणाच्या कामाचं विटकं लुगडं नेसा, असं मी आक्काताईंना सांगितलं. मालकांना कोटासकट घरामागच्या परड्यात पाठवलं.

"नथ बी काढू, मास्तर?" आक्काताईंनी विचारलं. "मालक जित्तं हाईत की."

"जरा वेळच," मी म्हणालो. मग मीच म्हैस सोडली आणि फोटो निघेपर्यंत तिचं दावं धरून गोठ्यामागं उभा राहिलो. साहेब 'व्हेरी गुड' म्हणाले. म्हैस माझ्याकडं बघत होती.

साहेबांनी चाचांच्या अंधारखोलीत फिल्म भरल्या होत्या, त्याची आठवण ठेवून त्यांनी तो फोटो स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवला. रिकाम्या हंड्यापाशी बसलेल्या आक्काताई. खाली इंग्रजीत ओळ होती: उपाशी विधवा, हिच्यापाशी काही नाही. चाचांनी वाचायला सांगितलं, तेव्हा मी वाचलं, "कसबा बावड्याची दूधवाली."

चाचांनी फोटो उजेडाकडं धरला. "दूधवाली व्हय. मग म्हैस कुठाय? कुनी हलिवली?"

"साहेबांनी," मी म्हणालो.

चाचांनी 'बरं' एवढंच म्हणून रंगांची पेटी उघडली. चार दिवसांत लुगडं हिरवं झालं, नाकात नथ आली, दारात कोट घातलेले मालक आले. हंड्यावर दुधाचा फेस आला. शेवटी म्हैस आली, मूळच्यापेक्षाही जाड. तिच्या गळ्यातलं दावं मात्र चित्राच्या कडेपर्यंत जाऊन तुटल्यासारखं थांबलं होतं. मी विचारलं, तर ब्रश धूत चाचा म्हणाले, "साहेबाच्या हातात म्हस ऱ्हात न्हाय, मास्तर. कुनी धरलीती त्ये तुमी सांगशिला तवा रंगवू. घाई न्हाय."

पुढं पंधरा वर्षं ते चित्र स्टुडिओत लटकत होतं आणि त्याच्याखाली बसून मी चाचांचा चहा पीत होतो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी आलो की चित्रात दावं थांबलं होतं तिथली कडेची जागा तेवढी पुसून ठेवत. गेल्या वर्षी चाचा गेले. दुकान आवरताना त्यांच्या लेकीनं चित्र मला आणून दिलं, अब्बा तसं सांगून गेलेत म्हणाली. ते आता माझ्या टेबलासमोर आहे. सांगितलं असतं, तर कडेला त्यांनी मला रंगवलं असतं, आणि मलाही कोट घातला असता, याची मला खात्री आहे. मला ब्रश धरता येत नाही, म्हणून हे लिहिलं. चाचा, दावं मी धरलं होतं.