कण्हेरीचं कुंपण

साळवे डॉक्टर आजारी जनावराला हात लावण्याआधी गव्हाणीत हात घालत आणि मूठभर चारा नाकाशी नेत. "आधी काय खाल्लं ते दावा, मंग जनावर दावा," असं म्हणत. धारूरजवळच्या आमच्या सहकारी दूध संस्थेचे ते पशुवैद्य, मी सचिव. चहा मात्र ते कुणाचाही न हुंगता पीत.

संस्थेच्या आवाराला कण्हेरीचं कुंपण त्यांनीच लावायला सांगितलं होतं. शेरडं तोंड लावत नाहीत आणि पाणीही फारसं लागत नाही. त्या वर्षी दुष्काळ पडला आणि गावात हिरवं असं तेवढंच उरलं. उन्हाळ्यात आम्ही ते छाटलं, फांद्या आवारातच वाळत पडल्या. चाऱ्याला महाग झालेल्या तीन-चार बायांनी त्या उचलून नेल्या.

त्यांच्यातल्या यमुनामावशींनी त्या उसाच्या वाढ्यात मिसळून म्हशीला घातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची एकुलती एक म्हैस झोकांड्या खात पडली, पाय झाडू लागली. डॉक्टरांनी गव्हाण चाचपली, मग छातीला कान लावला. दुपारी म्हैस गेली.

"पेशीपेशीत पंप असतो," ते मला म्हणाले. "मीठ भायेर टाकायचं, पोटॅश आत घ्यायचं. कण्हेरीचं इख त्यो पंपच बंद पाडतं. काळीज अडखळतं. मेंदूच्या पेशीत मीठ साचलं की मागून पाणी शिरतं, पेशी फुगून मरती."

अध्यक्ष म्हणाले, "साप चावला म्हना की. संस्थेचं नाव कशापायी घालवायचं?" खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

"आन् बाकीच्या घरात गेलेल्या फांद्या?" एवढं विचारून डॉक्टर थेट देवळाच्या भोंग्यावर गेले. "कण्हेर म्याच लावायला सांगितली. वाळली की जनावर ती खातं, हे सांगायचं ऱ्हायलं. चूक माजी हाय. फांद्या नेल्या असतील तर चारू नका, जाळू बी नका, पुरून टाका."

बाकीची जनावरं वाचली. अध्यक्षांनी डॉक्टरांची नेमणूक मात्र पुढे वाढवली नाही. गाव सोडायच्या दिवशी ते यमुनामावशींकडे गेले, सोबत मी होतो. मावशींनी पाणी दिलं.

"तुमी साप म्हनला असता तर बरं झालं असतं, डाक्तर," त्या म्हणाल्या. "म्याच माज्या हातानं इख चारलं, हे आता रोज ध्यानात येतंय."

शेजारच्या गोठ्यात म्हैस रेकली. भोंग्यावरचं ऐकून घरच्यांनी फांद्या पुरल्या, म्हणूनच ती वाचली होती. डॉक्टरांनी तिकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. मी वाट पाहत होतो.

"व्हय मावशी," ते म्हणाले आणि मान खाली घालून बसून राहिले. त्या माणसावर माझा जीव जडला तो तेव्हा, तो गाव सोडून निघाला असताना.