बॅटरीबुवांची विजेवरची फळी

...तर काल सांगत होतो, आमचे बॅटरीबुवा त्या दुकानाच्या काचेसमोर थबकले ते थबकलेच. मला वाटलं, चप्पल तुटली. खाली बघतो तर चप्पल धड. बुवांची नजर काचेआडच्या एका स्केटबोर्डवर. म्हणजे फळीच ती; खाली चार चाकं आणि पोटाला काळी डबी.

"दादा, हिच्या पोटात बॅटरी आहे," बुवा म्हणाले.

यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण बायको गेल्यापासून अकरा महिन्यांत या माणसाने आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. डोळ्यातून टिपूस नाही, कुणावर चिडणं नाही. ताटात वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत दिसलेला माणूस संध्याकाळी तिथेच सापडायचा. त्यांची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. तिने शेवटी फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, महिनाअखेरीस मी येतेय. तेव्हाही खुर्चीतच दिसलात तर सामान बांधून घेऊन जाईन. घराला कुलूप." बुवा म्हणाले, "बरं." आता मी त्यांचा बत्तीस वर्षांचा शेजारी. ते कुलूप मला तेव्हापासूनच दिसायला लागलं होतं.

बुवांनी चौतीस वर्षं टेलिफोनच्या केंद्रात, बॅटरीच्या खोलीत काढली. कमरेएवढ्या टाक्या, ओळीने मांडलेल्या, आत तेजाब. वीज गेली तरी गावाचे फोन वाजायचे ते या टाक्यांच्या जिवावर. तिथला धर्म एकच: बॅटरी कायम काठोकाठ भरलेली हवी आणि कायम लाइनीला जोडलेली हवी. एवढ्या वर्षांत ती खरोखर कामाला आली किती वेळा? हाताच्या बोटांवर मोजावं इतकी. भरून ठेवायची आणि वाट बघायची. बुवांच्या शर्टांना तेजाबाची भोकं पडलेली असत. ठिगळ लावता लावता वहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, माझी सवत नुसत्या पाण्यावर जगते हो! जरा पातळी उतरली की हे पळाले."

तेव्हा फळीत बॅटरी दिसल्यावर मी कशाला सोडतो! दंडाला धरून बुवांना आत ढकललं. दुकानात पंचविशीची एक मुलगी, कोपराला पट्टी बांधलेली.

"नातवंडासाठी का, काका?"

"नाही. वजन किती पेलते?" बुवांचा आवाज असा, जणू लाकडाच्या वखारीत उभे आहेत.

"शंभर किलो."

"मी बासष्ट. एकदा भरली की किती चालते?"

"खोक्यावर वीस किलोमीटर लिहिलंय. तुम्ही चौदा धरा. चढ असेल तर आणखी कमी."

"भरायला?"

"तीन तास. आणि चार्जर हिचाच. दुसऱ्या कुठल्याची पिन बसली तरी तो लावायचा नाही."

"पाणी किती दिवसांनी घालायचं?"

"कशात?"

"बॅटरीत."

मुलीने ओठ दाबून धरले. "काका, हिला पाणी लागत नाही. उलट डबकं दिसलं की खाली उतरायचं."

"मधेच संपली तर?"

"मग नुसती फळी. एका पायाने ढकलायची, नाहीतर काखेत मारायची. सात किलो आहे."

"आणि हे आपटले तर?" हे मी विचारलं.

"तर नाही आजोबा, आपटणारच आहेत," असं म्हणून तिने हेल्मेट समोर ठेवलं. बुवांनी ते डोक्यावर चढवून बघितलं. चेहरा तोच, नुसतं भांडं पालथं घातल्यासारखं दिसलं.

फळी घरी आली. मी आनंदाने दोन घरांत सांगून आलो. आणि बुवांनी काय करावं? फळी भिंतीशी ठेवली, चार्जर लावला, आणि पुन्हा खुर्चीत बसले! रोज सकाळी उठून डबीवर हात ठेवून गरम झाली का बघायचे, हिरवा दिवा बघायचे, की झालं. चार्जर काढायचा म्हणून नाही. मी म्हणालो, "अहो, चढा की तिच्यावर!" तर म्हणाले, "दादा, भरलेली आहे. असू दे." बावीस दिवस असे गेले. लेक यायला राहिले पाच.

बाविसाव्या दिवशी मोफत तपासणी होती म्हणून मीच फळी आणि बुवा दोघांना उचलून दुकानात नेलं. मुलीने मोबाइलवर काहीतरी उघडलं आणि बघतच राहिली. "काका, चाललीय शून्य किलोमीटर!"

"भरून ठेवली आहे," बुवा म्हणाले.

"कशासाठी?"

बॅटरी कशासाठी भरून ठेवतात, हे बुवांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

"अहो, ही जात वेगळी," मुलगी म्हणाली. "गच्च भरून जोडून ठेवली की ही आतल्या आत म्हातारी होते. भरली की चार्जर काढायचा. वापरणार नसाल तर निम्मी रिकामी करून ठेवायची. अजून बिघडली नाही, पण वर्षभर असं केलंत तर हातात फळीच राहील."

तेव्हा बुवांचा चेहरा मी पहिल्यांदा हललेला बघितला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक बॅटरी मेलेली नव्हती. "निम्मी करायची कशी?"

"वर उभं राहून."

झालं! मग काय विचारता. आमच्या इमारतीमागे गाड्या लावायची लांबलचक सपाट जागा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बुवा तिथे, खांबासारखे ताठ. वेग सगळ्यात कमी, बाजूने मी धापा टाकत. दोनदा पडले. उठून आधी डबी तपासली, मग कोपर. चेहऱ्यावर हसू नाही, भीती नाही. कामावर आलेला माणूस जसा असतो तसे. चार्ज निम्म्यावर आला की थांबायचे, संध्याकाळी थोडा भरायचा, सकाळी पुन्हा उतरवायचा.

लेक आली ती थेट वर गेली. खुर्ची रिकामी बघून घाबरीघुबरी खाली धावली, आणि बघते तर बाप दोन्ही हात पसरून सावकाश वळण घेतोय. ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"बाबा, मजा येते का?"

"नाही," बुवा खाली उतरून म्हणाले.

"बरं वाटतं का थोडं?"

बुवांनी खरोखर विचार केला. "नाही."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे. ती हळूच म्हणाली, "मग चला ना बाबा माझ्याकडे. फळीही घेऊ. तिकडे रस्ते चांगले आहेत. काय ठरवू मी?"

बुवांनी हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि म्हणाले, "पोरी, मला इथे काही वाटत नाही आणि तिकडेही काही वाटणार नाही, मग इथेच राहतो, इथे अंधारात हात घातला तरी दिव्याचं बटण सापडतं."