बाबांच्या वहीतला एक पासवर्ड

बाबा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. त्यांचे पासवर्ड एका वहीत असायचे, पण सरळ लिहिलेले नाहीत, नुसत्या खुणा. ‘पहिली स्कूटर’, ‘हॉस्टेलची खोली’. गेल्या वर्षापासून त्यांना खुणांचे अर्थ आठवेनासे झाले. पेन्शनचं खातं दोनदा लॉक झालं, तेव्हा मी पासवर्ड सांभाळणारं एखादं ॲप सुचवलं. आपल्या किल्ल्या परक्याच्या कपाटात कशाला, असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं.

माझ्याकडे साबणाच्या डबीएवढा एक जुना संगणक पडून होता. त्यावर जड काही चालत नाही, पण पासवर्ड ठेवणारा एक हलका प्रोग्रॅम आरामात चालला. बंगळुरातच, जे. पी. नगरहून तो घेऊन मी मल्लेश्वरमला आईबाबांकडे गेले आणि टीव्हीमागे, राउटरशेजारी जोडून दिला. बाबांनी हात लावून तो तापतो का ते पाहिलं. घरातच राहणार म्हटल्यावर त्यांना पटलं.

मग रविवारी आम्ही वही घेऊन बसायला लागलो. बाबा खूण वाचत, ‘स्वल्प थांब’ म्हणून डोळे मिटत, आणि आठवलं की सांगत. एक खूण मात्र सात ठिकाणी होती: ‘ती’. तिथे ते अडले. गाडी, शाळा, गाव, मी काहीबाही सुचवत राहिले. ते त्या खुणेवरून बोट फिरवत राहिले.

आई शेजारी अवरेकाईच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता एका मुलीचं नाव आणि एक साल सांगितलं. “नावापुढे साल घालून बघ,” म्हणाली.

खात्याचं कुलूप उघडलं. मी आईकडे पाहिलं, तेव्हा तिने सांगितलं की माझ्याआधी त्यांना एक मुलगी झाली होती. दोन दिवस जगली. नाव ठरलं होतं, बारसं झालं नाही. मी चाळिशीला टेकले तरी मला हे ठाऊक नव्हतं. आईलाही खूण ठाऊक नव्हती, तिने अंदाजानेच सांगितलं होतं.

“तिचं नाव रोज लिहीत होतात तुम्ही?” तिने बाबांना विचारलं.

बाबांनी मान डोलावली. आईने शेंगांची परात बाजूला ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी चहा टाकायला उठले.

प्रोग्रॅमने तो पासवर्ड कमकुवत ठरवला होता, सात ठिकाणी एकच म्हणून लाल रंगात दाखवत होता. सहा ठिकाणचे मी बदलले. सातवा बाबांच्या जुन्या ईमेलचा होता.

“हा त्यात घालू नकोस,” ते म्हणाले. “हा मी हातानेच टाइप करेन.”

मी तो तसाच ठेवला. बाकीचं सगळं आता ती डबी बिनबोभाट भरते. ईमेल उघडताना बाबा कधीकधी अडतात. तेव्हा ते मला फोन करत नाहीत, आईला हाक मारतात, आणि ती असेल तिथून ते नाव मोठ्याने सांगते.