दोन घंट्यांचे पिक्चर

डबा संपला की राठोड सर मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवायचे आणि जपानी कार्टूनचा पिक्चर लावायचे. चोपन्न वर्षांचा, दहावीला गणित शिकवणारा माणूस! कळमनुरीच्या आमच्या शाळेत नवीन आलेला एखादा शिक्षक हसायला लागला, की आम्ही त्याला डोळ्यांनीच गप्प करायचो.

वर्गात सर कडक. "पायरी सोडू नका. उत्तर चुकलं तर चालतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

कार्टूनची आवड मुळात त्यांच्या लेकीची, आरतीची. नववीत, मी वर्गशिक्षिका असलेल्या वर्गात असताना, तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. नांदेडच्या दवाखान्यात सलाइन चालू असताना ती एक मालिका बघायची. वर्षानुवर्षं चाललेली, शेकडो भागांची. एक दिवस म्हणाली, "पप्पा, हे माझ्यानं पुरं होत न्हाई. पिक्चर लावा." त्याच मालिकेतल्या माणसांचे वेगळे पिक्चर होते. प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र, दोन तासांत संपणारी.

तेव्हा सर सांगायचे, "मी तांड्यावरचा माणूस. मला काय कळतंय त्यातलं? पण संपला की लेकरू म्हणायचं, चला, एक तर पुरा झाला."

दिवाळीच्या आधी आरती गेली. पंधरा दिवसांनी सर शाळेत आले आणि थेट फळ्याकडे वळले. त्यांच्यापुढे तो विषय काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं. पगाराचं, बदल्यांचं बोलायचो. सर प्रत्येक गोष्टीला "बराबर" म्हणायचे.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी कानातले इअरफोन काढले. "मॅडम, ह्या पिक्चरमधी एक पोरगी सगळ्यांसाठी जीव देते. पुढं मी मालिकाबी बघितली, तिथं तिचं नाव कोणीच घेत न्हाई. काहून?"

"सर, पिक्चरमध्ये घडलेलं मालिकेत धरत नाहीत."

"धरत न्हाई?" ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमीबी चार महिन्यांत आरतीचं नाव घेतलं न्हाई."

मी गडबडले. घाईघाईनं सांगितलं, की भूगोलाच्या पेपरमागं तिनं एक तलवारवाला काढला होता. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं, तर तिथंही ती हसत होती.

सरांचा चेहरा उजळला. डोळे पुसत त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "अजून सांगा."

आठवी आणि नववी, ती पोरगी माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसत होती. मी खूप आठवून पाहिलं. दुसरं काहीच आठवेना. सर वाट बघत होते.