कागदावरचा धाकटा

ग्वांगझूच्या प्राणिसंग्रहालयात साठी पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट होतं. मी बासष्टचा, माझा धाकटा भाऊ एकोणसाठचा. खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट पाहून त्याला अर्धं दिलं आणि मला पूर्ण.

चूक तिची नव्हती. भावाला पाचव्या वर्षी शाळेत घातलं, तेव्हा मास्तरांनी त्याचं वय सहा लिहिलं. माझं नाव त्याच्यानंतर एका वर्षानं घातलं, मी नऊ वर्षांचा झाल्यावर. एवढा घोडा पहिलीत कसा बसवायचा, म्हणून मास्तरांनी माझंही सहाच लिहिलं. त्या दाखल्यावरूनच पुढे पासपोर्ट निघाला. म्हणजे कागदावर तो माझा एका वर्षानं थोरला.

भावाची मुलगी ग्वांगझूतच नोकरी करते. तिनंच आम्हा दोघांना बोलावलं होतं. ती बाईशी चिनीत बोलत असताना मी मध्ये घुसलो.

"तिले सांग, मी मोठा आहो. दोन दाढा पडल्या माह्या." मी तोंड उघडून दाखवलं. "बैलाचं वय दातावरून ओळखते, मंग माणसाचं काऊन नाई?"

"मोठेबाबा, तोंड मिटा. लोक फोटो काढून राह्यले."

मी भाजीच्या टोपलीपासून स्वतःच्या अडतीपर्यंत पोचलो तो दोन गोष्टींच्या जोरावर: आवाज चढवणं आणि निघून जाणं. वर्धेच्या भाजीबाजारात आपण पाठ फिरवली की समोरचा हाक मारतोच. तिथंही मी पाठ फिरवली. दहा पावलं हळू चाललो, पुढची दहा त्याहून हळू. हाक आली नाही. वळून पाहिलं तर माझ्या जागी एक कुटुंब उभं राहून निवांत तिकिटं काढत होतं.

भाऊ मागून आला. "चाल दादा, काढलं तुह्यं."

"पूर्ण?"

"मंग काय पाव काढू?"

आत माझं कशातच मन लागलं नाही. पांडा आमच्याकडे पाठ करून बांबू खात बसला होता. वाघापुढे मी पुतणीला ऐकवलं, की आमच्या सेलू तालुक्यात हा फुकट शेताच्या धुऱ्यावर येतो. भाऊ प्रत्येक पाटीचा फोटो काढत होता. मास्तरकी करून निवृत्त झालेला माणूस; अक्षर समजो न समजो, पाटी सोडायची नाही. मला तिकिटाचं दुःख नव्हतं. परदेशात, पुतणीसमोर, त्याला थोरला ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मत्स्यालय. तिथंही तेच, त्याला अर्धं, मला पूर्ण. या वेळी मी तोंड उघडलं नाही. सगळं आत साठवून ठेवलं आणि माशांपुढे बाहेर काढलं.

समोर घराएवढी काच होती. काचेमागून बैलगाडीएवढा मासा सावकाश जात होता. मी पुतणीला म्हणालो, "असंच झालं पाह्य आमचं. तुह्या आजोबानं याच्या हातात पाटी देली अन् माह्या डोक्शावर टोपलं. हा साहेब झाला. मी वांगे इकत राह्यलो."

हे मी घरातल्या प्रत्येक लग्नात सांगतो. कुठं थांबायचं, कुठं आवंढा गिळायचा, सगळं ठरलेलं आहे. आजवर कुणी मध्ये बोललं नव्हतं.

पुतणीनं विचारलं, "पण मोठेबाबा, आजोबांनी तुम्हालेच काऊन नाही पाठवलं?"

मी आवंढा गिळायच्या बेतात होतो. काचेकडे तोंड करूनच भाऊ बोलला.

"पाठवलं होतं. चारदा."

"काय चारदा?"

"मी लहान होतो, पण बाबा सांगे. खांद्यावर बसवून शाळेत नेऊन सोडे. बाबा घरी पोचाच्या आधी हा गावच्या बाजारात. कोनाच्याही ढिगापाशी बसून भाव वरडे. एकदा मास्तर भाजी घ्याले आले, तं यानं मास्तरलेच वांगे इकले. वर्गातून पळाला तेच मास्तर!"

पुतणी काचेला टेकून हसायला लागली. मी ओरडलो, "खोटं हाय!" बाजूची दोन लेकरं दचकून आईला बिलगली.

पण ओरडता ओरडताच मला मास्तरांची खाकी पिशवी दिसली. तिचा एक बंद तुटलेला होता. त्यांनी भाव विचारला होता, मी चढा सांगितला होता आणि त्यांनी मुकाट्यानं दिला होता. त्या दिवशी मला जे वाटलं, ते मला कुठल्याही शाळेत वाटलं नसतं.

"एवढे वर्ष बोलला काऊन नाई तू?" मी विचारलं.

"तू लय रंगून सांगतं, दादा. लोक आयकत राह्यते. मी कायले तोडू?"

पन्नास वर्षं सांभाळलेली तक्रार त्या निळ्या उजेडात माझ्या हातून निसटत होती. असा माल कोणी फुकट सोडतं का?

"चारदा नाई," मी म्हणालो. "एकदा."

"चारदा."

"दोनदा धर. एकदा तं मी तापानं घरी आलतो."

"ताप नव्हता तुले. बाजार होता."

"दोन."

"साडेतीन," पुतणी म्हणाली.

"तू मधात बोलू नको. दोन, अन् आता वर नाई."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. दहा पावलं हळू.

"दादा," त्यानं हाक मारली, "चाल, तीन."

मी लगेच वळलो आणि पक्कं करून टाकलं.